सात नंबरची सुवार्ताबाई

सुरुवातीलाच सांगून टाकते, मला ही बाई आवडत नाही. तिचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. गावात जो तो तिच्याबद्दल आपापल्या मनाचं सांगतो, आणि सांगताना माझं नाव घेऊन हसतो. तेव्हा जे घडलं ते एकदा माझ्याच तोंडून बाहेर पडलेलं बरं.

मुळशीतल्या चांदे गावात आमच्या बारा भाड्याच्या खोल्या आहेत. आधी तिथं भाताची खाचरं होती. हिंजवडीत कंपन्या आल्या, राहायला जागा मागणारी माणसं दारात यायला लागली, तशी आमच्या मालकांनी दोन खाचरं बुजवून ही चाळ काढली. मालक म्हणजे माझा नवरा, शंभूशेठ. बायकोच्या नावावर केलं की कर वाचतो असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, म्हणून खोल्या कागदावर माझ्या नावाने लागल्या. त्या दिवसाचा त्यांना आता पस्तावा होतो.

सहा वर्षांपूर्वी सात नंबरची खोली सुवार्ता रणभिसे या बाईने घेतली. वय तेव्हा साठीचं, अंगाने काटकुळी, पांढरे केस घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं. सामान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक शेगडी आणि काळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक. नगरकडची, ख्रिस्ती. तिकडे मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात अडतीस वर्षं आया होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आता हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये तान्ह्या बाळांना तेल लावून आंघोळ घालायला जाते. एका आंघोळीचे चारशे, सकाळची तीन घरं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि खूश झाले. म्हटलं, भाडं बुडायचं नाही.

भाडं कधीच बुडालं नाही, हे कबूल करते. भांडण भाड्याचं नव्हतंच.

पहिल्या दिवाळीला मी तिला साडी दिली. एकटी बाई, सणासुदीला दार लावून बसते, बरं दिसत नाही म्हणून. साडेसातशेची, हिरवी, जरीच्या काठाची. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर तीच साडी नेसून सोनी आमच्या गोठ्यात शेण काढतेय! सोनी म्हणजे आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीपलीकडे झोपडीत राहणारी कातकरीण. नवरा धाकलू, मुलगी शीतल. तिघंही आमच्याच शेतावर कामाला येतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच सात नंबरला गेले.

"सुवार्ताबाई, मी दिल्याली साडी त्या सोनीच्या अंगावर कशी काय?"

"माझ्याकडं दोन चांगल्या झाल्या, ताई. दोन झालं की एक दुसऱ्याचं."

"आवो, पन ती मी तुमाला दिली हुती!"

"मला दिली, म्हणून तर मला देता आली."

म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. वर चेहरा असा, जशी काही मी किती वाजले एवढंच विचारायला आले होते. भांडण व्हायला समोरच्यानेही आवाज चढवावा लागतो. ही चढवत नाही. त्यामुळे मी एकटीच ओरडणारी दिसते. बाराही दारांतून लोक बघत होते.

'दोन झालं की एक' हा तिचा नेमच निघाला. सोसायटीतल्या बायका घर आवरायला काढल्या की तिला काही ना काही देत. दोन चादरी झाल्या, एक गेली. दोन ताटं झाली, एक गेलं. एकीने नवा कुकर दिला, तर हिने नवा सोनीला देऊन टाकला आणि स्वतःचा शिट्टी न होणारा जुना ठेवला. मी म्हटलं, द्यायचाच होता तर जुना द्यायचा. तर म्हणाली, "देवाला उष्टं द्यायचं का, ताई?" आता सोनी देव कधीपासून झाली, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही, कारण तिने उत्तर दिलं असतं.

पैशाचं तर आणखीच. महिन्याचे पैसे आले की आधी दहावा हिस्सा बिस्किटाच्या डब्यात. तो तिच्या देवाचा. मग माझं भाडं, मग तिचं पोट, आणि उरेल ते मागायला येईल त्याचं. मी तिची घरमालकीण, आणि माझा नंबर दुसरा!

हळूहळू आमच्या फाटकाशी माणसं यायला लागली. कुणाचं मूल तापलंय, कुणाला दाखल्यासाठी तालुक्याला पौडला जायचंय आणि गाडीभाडं नाही. सगळे विचारत यायचे, "ती दवाखान्यातली म्हातारी कुठं राहती?" घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं माझं झालं. बारा खोल्यांचं पाणी पुरवताना नाकी नऊ येतात, त्यात ही जत्रा.

गावात कुजबुज सुरू झाली की बाई बाटवायला आलीय. मालक म्हणाले, लक्ष ठेव. मी ठेवलं. सोनीला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, ती तुला देवाचं काय काय सांगती?"

सोनी म्हणाली, "काय न्हाई सांगत. पोरीच्या अंगात रगत कमी हाय, पालक खाऊ घाल म्हनती."

सोनी पूर्वीसारखीच डोंगरातल्या वाघोबाला नारळ ठेवायला जात होती. सुवार्ताबाईने एकदा त्या नारळाला पैसे कमी पडले तेसुद्धा दिले, हे मला नंतर कळलं. मला पुरावा हवा होता, तो मिळाला नाही. त्याचाही राग आलाच.

पण खरी ठिणगी पडली गेल्या पावसाळ्यात, भातलावणीला. आमच्याकडे बाईमाणसाला तीनशे रुपये रोज. या वेळी सोनी बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, चारशे. मी म्हटलं, कुणी शिकवलं तुला? तिची मान सात नंबरकडे वळली. मी चिखलाच्या पायांनीच तिकडे गेले.

"माझ्या घरात राहून माझीच मजुरी वाढवता व्हय?"

"तिनं विचारलं, मी काय घेते. मी सांगितलं," सुवार्ताबाई म्हणाली. "मी अर्धा तास बाळाला न्हाऊ घालते, चारशे घेते. ती दिवसभर चिखलात वाकून असती, ताई. तिला कमी कसं सांगू?"

कानामागून आली आणि तिखट झाली! रोपं उपटून ठेवलेली, पाऊस काही थांबणार नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चारशे दिले. आणि शेवटचा वाफा लावून झाला त्याच संध्याकाळी सात नंबरच्या दारात उभी राहून सांगितलं, "दिवाळी झाली की खोली खाली करा. नोव्हेंबरच्या तीस तारखेला मला किल्ली पायजेल."

"बरं, ताई," ती म्हणाली. एवढंच. 'का' नाही, 'म्हातारपणी कुठं जाऊ' नाही. मी चार उत्तरं तयार करून गेले होते, ती तशीच घेऊन परत आले.

ती खोली शोधत होती हे मला दिसत होतं. एकट्या म्हाताऱ्या बाईला कुणी पटकन खोली देत नाही. उद्या काही झालं तर निस्तरायचं कुणी? त्यात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे तुमी कोन?" तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथी खोली शेजारच्या नांदे गावात मिळाली, पण मालकाला दहा हजार डिपॉझिट हवं होतं. तिने दूध बंद केलं, येताजाता सहा आसनी रिक्षाऐवजी पायी चालली आणि दहा हजार जमवले. मी टोमणा मारला, "आता दोनाचा नेम कुटं गेला?" ती म्हणाली, "छप्पर एकच हाय, ताई. एकातलं काय देऊ?" नांद्याच्या मालकाने तिला रविवार दुपारपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

आता डांगराचं सांगते. डांगर म्हणजे लाल भोपळा. तिने खोलीमागे सांडपाण्याच्या जागी बी लावलं. वेल माझ्या न्हाणीघराच्या पत्र्यावर चढला आणि पत्र्यावर एकच डांगर धरलं, पण असं की दोन हातांत मावू नये. मी म्हटलं, पत्रा माझा, पाणी माझ्या बोअरचं, डांगर माझं. ती म्हणाली, "पहिलं फळ देवाचं, ताई. दुसरं धरलं की तुमचं." दुसरं धरलं आणि कुजून पडलं. आणि त्याच रविवारी सकाळी बघते तर बाई डांगर खांद्यावर घेऊन निघाली! त्यांच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. ज्याचं जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं तिथं नेऊन ठेवायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा. पैसे चर्चला.

लिलाव म्हटल्यावर माझं डोकं चाललं. म्हटलं, पन्नास-साठ रुपयांचं डांगर. जाते, सगळ्यांदेखत विकत घेते आणि हिच्या नाकावर टिच्चून भाजी करते. मालक पौडला गेले होते. मी नवी साडी नेसले, पर्स घेतली, मोबाईल चार्जिंगला तसाच राहिला, आणि नांद्याच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं सभागृह आहे तिथं जाऊन शेवटच्या रांगेत बसले.

पुढे टेबलावर भाताच्या लोंब्या, केळी, अंडी, मेथीच्या जुड्या, कुणाची लोणच्याची बरणी. मध्यभागी माझं डांगर. मनीष नावाचा कंपनीत काम करणारा मुलगा लिलाव पुकारत होता. सहा अंडी आठशेला गेली! मेथीची एक जुडी पाचशेला! मी डोळे चोळले. वर घेणारा माणूस ती जुडी परत टेबलावर ठेवायचा, "पुन्हा देवाला" म्हणायचा, आणि ती पुन्हा पुकारली जायची. जवळजवळ सगळं एकच गृहस्थ घेत होते. कोट घातलेले, कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले भालेरावसाहेब. प्रत्येक बोलीनंतर कोणकोण बघतंय ते बघायला मान वळवायचे. एकदा मान वळली ती माझ्यावर थांबली.

"आपण कुणाकडच्या?"

"चांद्याच्या. आमच्या खोल्या हायेत तितं."

"अस्सं! म्हणजे सुवार्ताबाईंना बाहेर काढताय त्या तुम्हीच." ते मुद्दाम मोठ्याने बोलले. चार रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. सुवार्ताबाई पुढे बायकांत बसली होती, तिनेही ऐकलं असणार. माझे कान तापले.

तेवढ्यात मनीषने डांगर उचललं. मी म्हटलं, "पन्नास." भालेराव म्हणाले, "पाचशे." मी म्हटलं, "सहाशे." ते म्हणाले, "हजार," आणि माझ्याकडे बघून हसले.

त्या हसण्याने माझा घात केला. आमच्या गावच्या जत्रेतही देवापुढच्या मानाच्या नारळाचा लिलाव होतो, आणि शेवटचा शब्द आमच्या घरचा असतो, हे मुळशीत कुणालाही विचारा. मी बोलत गेले. दोन हजार, तीन, साडेचार. त्या कोटवाल्याने सहा म्हटलं, मी साडेसहा. त्याने साडेआठ म्हटलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नऊ हजार." भालेराव खाली बसले.

मी ताठ मानेने डांगर घ्यायला पुढे गेले, तर मनीषने एक पाकीट पुढे केलं. "ताई, रोख की फोनवरून?"

इथं माझी चूक सांगते. आमच्या जत्रेत नारळाची बोली लावतात आणि पैसे पुढच्या जत्रेला आणून देतात. वर्षभर मान मिरवायचा, मग पैसे. पिढ्यान्‌पिढ्या तीच रीत. देवाचा लिलाव म्हणजे सगळीकडे असाच असणार, असं मी धरून चालले होते. पर्समध्ये तीनशे चाळीस रुपये होते.

"आमच्यात पुढल्या वर्साला देत्यात," मी म्हणाले.

मनीष बिचारा गोंधळला. भालेराव मागून म्हणाले, "इथं देवापुढं बोललेलं लगेच द्यायचं असतं, बाई. खोली खाली करायला मुदत देता, इथं मुदत नसते." कुणीतरी हसलं. हातात ते मोठं डांगर, पुढे शंभर माणसं, आणि पायाखालची फरशी काही दुभंगत नाही.

सुवार्ताबाई उठली. कमरेचा रुमाल सोडून तिने त्यातल्या नोटा मनीषच्या हातात मोजल्या. पाचशेच्या अठरा. "लिही, मनीष," ती म्हणाली आणि माझं नाव सांगितलं. "शुभांगीताई, चांदे. नऊ हजार." आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

त्या नोटा कसल्या होत्या हे त्या सभागृहात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. उपासनेवरून तशीच नांद्याच्या मालकाकडे जाऊन ती ते पैसे देणार होती. भालेरावांचं तोंड बंद झालं. मला मात्र ते बघायचंही सुचलं नाही. मी बाहेर आले आणि पिंपळाखाली तिची वाट बघत उभी राहिले. ती आली तशी मी तिच्यावर ओरडले, हो, ओरडलेच.

"कुनी सांगितलं हुतं तुमाला? तुमच्या डिपॉझिटचं काय आता?"

"तुमची मान खाली गेली असती, ताई," ती म्हणाली. "माझी खोली तर आधीच गेलेली होती." मग डांगराकडे बघून म्हणाली, "चिरलं की बिया राखून ठेवा. जात चांगली हाय."

घरी डांगर चिरलं. मालकांनी दोनदा भाजी घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले. नऊ हजारांची भाजी खाल्लीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटातून माझे स्वतःचे नऊ हजार काढून सात नंबरला गेले. तिने हात पुढे केला नाही.

"ते मी तुम्हाला दिलेच नव्हते, ताई. ज्याला दिले त्याला पोचले. आता तुमच्याकडून कसे घेऊ?"

"मंग नांद्याची खोली?"

"ती काल दुपारीच दुसऱ्याला गेली."

नोटा तिथंच टाकून यावं असं वाटलं. पण मग संध्याकाळपर्यंत त्या सोनीच्या झोपडीवर पत्रे होऊन बसल्या असत्या. परत घेऊन आले. त्या वेळी तिला एकच शब्द सांगायचा होता, 'राहा'. तो माझ्या तोंडून निघाला नाही. मालकांनी सात नंबर एका माणसाला सहा हजारांना बोलून ठेवलीय, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. ज्या बाईला मी घालवत होते तिने माझी अब्रू राखली, आणि तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. रोज डोळ्यांसमोर असण्यापेक्षा ती गेलेली बरी, असं मला वाटलं. इतकी मी वाईट वागले.

तीस तारखेला सकाळी तिने खोली झाडून, पुसून, किल्ली माझ्या हातात दिली. पेटी धाकलूने डोक्यावर घेतली. मालक म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." खोकला कुठं गेला ते त्यांना दुपारी कळलं. बाई चाळीला वळसा घालून मागच्या भिंतीपलीकडे, सोनीच्या झोपडीत राहायला गेली होती. आमच्यापासून वीस पावलांवर.

सहा हजारांच्या माणसाची बदली झाली, तो आलाच नाही. सात नंबरला कुलूप. डिसेंबरात मुळशीची थंडी पडली. धरणाकडून वारा सुटतो तेव्हा पक्क्या भिंतीतसुद्धा दोन गोधड्या लागतात, आणि तिकडे कुडाची झोपडी. त्यात सोनीची शीतल पौडच्या सरकारी दवाखान्यातून बाळंत होऊन आली. मुलगी झाली होती. तिचा नवरा वीटभट्टीवर कामाला गेलेला. मग रोज सकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. चुलीवरच्या पाण्याचा तांब्या बुडायचा, बाळ कळवळून रडायचं आणि दोन तांब्यांत गप्प व्हायचं. सोसायटीवाले ज्याला चारशे मोजतात तीच आंघोळ, तेच तेल, तेच हात. आणि मी इकडे बारा खोल्यांची मालकीण, हातात चहाचा कप घेऊन ऐकत उभी.

आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी सात नंबरची किल्ली घेतली आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली.

"सुवार्ताबाई, मुकाट्यानं खोलीत परत या. भाडं पयल्यासारखंच. डिपॉझिट नको. आन् मला काय बोलू नका, मी लई चिडल्याली हाय."

तिने किल्ली घेतली. हातात धरून जरा बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता माझ्या दोन जागा झाल्या, ताई."

मला एकदम उमगलं. "न्हाई हां! सुवार्ताबाई, न्हाई! ही खोली तुमाला दिलीय!"

"मला दिली, म्हणूनच," ती म्हणाली.

तासाभरात शीतल आणि तिचं तान्हं सात नंबरमध्ये होतं. सुवार्ताबाई झोपडीतच. भाडं मात्र पहिल्या तारखेला तिनेच आणून दिलं, दहावा हिस्सा काढून झाल्यावर. मालकांनी आकाशपाताळ एक केलं. मी त्यांना म्हटलं, खोल्या कुणाच्या नावावर हायेत ते कागद काढून बघा.

गेल्या सोमवारी आठ नंबरचे भाडेकरू गेले. तेव्हापासून किल्ली माझ्या कमरेला आहे. मी काय मूर्ख आहे? मला सगळा हिशेब दिसतो. आठ नंबर तिला दिली की पुन्हा तिच्या दोन जागा होणार. मग आठ नंबरात सोनी आणि धाकलू जाणार आणि ही कुडात एकटी पडणार. मग मला नऊ नंबर द्यावीशी वाटणार, आणि तोवर नऊ नंबरसाठी तिला दुसरं कुणीतरी सापडलेलं असणार. या बाईला छपराखाली आणायचं तर माझ्या बारा खोल्या पुरायच्या नाहीत. मालक रोज विचारतात, आठ नंबरला कुणाला ठेवायचं? मी म्हणते, बघू.

आज सकाळी वारा फार होता. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. बाळाचा नव्हता, म्हातारा होता. मी चहा तसाच ठेवला आणि गेले. ती चुलीपाशी बसून पाणी तापवत होती. अंगावर एक शाल, ती जुनी.

"सुवार्ताबाई!" मी भिंतीवरून ओरडले. "ही शेवटची हां! सांगून ठेवते!"

तिने ओले हात पदराला पुसले आणि किल्ली घ्यायला उठली.